जास्तीची मात्रा

थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. सव्वीस वर्षं तिने तेच केलं. औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, बसची वेळापत्रकं, शाळांचे निकाल, मतदारांच्या याद्या, जे येईल ते. मजकुराशी तिला देणंघेणं नसायचं, अक्षराशी असायचं. छापखान्याचे मालक नव्या माणसाशी तिची ओळख करून देताना म्हणायचे, "ह्यांच्या हाताखालून एखादी मात्रा सुटली, तर ती मुळात नव्हतीच असं समजायचं."

घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. धाकटा भाऊ लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेला होता. तो वडिलांसारखाच आगीच्या बंबावर नोकरीला होता आणि बंबवाल्यांच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, वाजवायचा. वडील त्या बँडचे मास्तर. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण त्यांनी बँड सोडला नव्हता आणि बँडनेही त्यांना सोडलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांच्या शेडमध्ये चौदा माणसं खुर्च्या मांडून बसायची, मास्तर काठी उचलायचे, आणि मधेच घंटा झाली की निम्मा बँड वाद्यं खुर्चीवर ठेवून बंबावर चढायचा. उरलेले चहा मागवायचे.

थोरलीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. लहानपणी वडिलांनी तिला शिकवायला घेतलं होतं. आठ दिवसांत दोघांनी हात टेकले. त्यामुळे एका रविवारी जेवण झाल्यावर वडील जाडजूड फाईल घेऊन तिच्यासमोर येऊन बसले तेव्हा तिला नवल वाटलं.

"हे मला टाइप करून हवंय."

"नोटेशन टाइप करतात?"

"आता करतात म्हणे. माझा हात थरथरतो. पोरं म्हणतात, मास्तर, तुमचं अक्षर लागत नाही."

"मग धाकट्याला द्या ना. त्याला कळतं तरी त्यातलं."

"त्याला नको." वडिलांनी फाईल तिच्याकडे सरकवली. "तो नाक खुपसेल. तू आहे तसं उतरवशील."

फाईलवर त्यांनी 'तिघांसाठी' असं लिहिलं होतं. तिघं कोण, हे त्या घरात विचारावं लागत नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी रंगाच्या एका गोदामाला आग लागली होती. छत खाली आलं आणि वडिलांच्या गाडीवरच्या सहा जणांतले तिघं परत आले नाहीत. त्यांतले दोघं बँडमध्ये होते. दर वर्षी त्या तारखेला शेडसमोर बँड उभा राहायचा, तिघांच्या घरची माणसं यायची, आणि एक जुनंच शोकाचं मार्च वाजवलं जायचं. त्यांच्यासाठी आपण स्वतः काही लिहायचं, हे वडिलांच्या मनात तेव्हापासून होतं.

"यंदा वाजवायचं," ते म्हणाले. "पाच महिने आहेत."

धाकट्याने सुट्टीच्या दिवशी येऊन तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम घातला. फुकट मिळणारा होता. त्यात पाच रेघांवर माउसने टिकल्या लावत बसायचं नसतं, सगळं अक्षरांत लिहायचं असतं, म्हणून तिला हाच बरा, असं त्याचं म्हणणं.

"अक्षर म्हणजे स्वर, आकडा म्हणजे तो किती लांब," तो म्हणाला. "सी-चार लिहिलंस की सी, एक मात्रा. सी-दोन म्हणजे दोन मात्रा. सी-आठ म्हणजे अर्धी."

"आठ म्हणजे अर्धी?"

"ताई, ते मी नाही ठरवलं."

मग त्याने दोन उभ्या रेघांमधला रकाना दाखवला. त्याला बार म्हणायचं. बाबांचं हे चार मात्रांचं आहे, तेव्हा प्रत्येक बारमध्ये बरोब्बर चार मात्रा बसल्या पाहिजेत. बार संपला की उभी रेघ टाइप करायची. बेरीज जुळली नाही तर प्रोग्राम ओळीच्या नंबरासकट तक्रार करतो. हे सांगताना त्याची नजर फाईलवर होती. मग एकदम "निघतो, ड्यूटी आहे" म्हणून, सुट्टी असूनही, तो उठला. गाळलेला चहा तसाच राहिला.

थोरलीने आधी सरावासाठी वडिलांचं तीस वर्षांपूर्वीचं एक मार्च घेतलं. पहिल्याच संध्याकाळी पान कोरं आलं. दुसऱ्या संध्याकाळीही कोरं. हा प्रोग्राम वापरणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मदतीचं पान होतं, तिथे तिने आपण लिहिलेलं सगळं जोडून प्रश्न टाकला: "मी सगळं लिहिलं आहे, पण पानावर काहीच येत नाही. मी नवीन आहे. प्रश्न बावळट असेल तर माफ करा." स्वतःच्या नावाऐवजी तिने 'मुद्रितशोधक' असं लिहिलं.

तासाभरात उत्तर आलं. देणाऱ्याने 'खडू' असं नाव घेतलं होतं. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेला माणूस, एवढंच पुढे कधीतरी कळलं. "एकतिसाव्या ओळीत महिरपी कंस उघडलात, तो मिटलेलाच नाही. प्रोग्राम अजून तुमचं वाक्य संपायची वाट बघतोय."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न मिटलेला कंस, आणि तिच्या नजरेतून सुटला.

मग स्वर उडाले. पाचव्या बारपासून ते वर वर जात पाच रेघा सोडून पार पानाच्या माथ्याला गेले. खडूने लिहिलं, "स्वर आधीच्या स्वराच्या जवळचा धरला जातो. लांब उडी असेल तर सांगावं लागतं. वर जायचं तर अवतरणचिन्ह, खाली यायचं तर स्वल्पविराम. तुम्ही एक स्वल्पविराम विसरलात." आयुष्यभर लोकांचे स्वल्पविराम लावत आलेली बाई एकटीच हसली. छापखान्यात तिने हे सांगितलं तर मालक म्हणाले, "काल पाचव्या बारमध्ये होतात, आज सातव्या. जरा बेताने घ्या."

दोन आठवड्यांत ते मार्च पुरं झालं. चौसष्ट बार, चौदा वाद्यं, आणि प्रोग्रामची एकही तक्रार नाही. मधल्या काळात त्याने पन्नासेक तक्रारी केल्या असतील, आणि पन्नासही वेळा चूक थोरलीचीच निघाली होती. कधी आकडा राहिलेला, कधी टिंब. ती एक गोष्ट पक्की शिकली: हा कुरकुरला की आपलं चुकलंय.

मग तिने 'तिघांसाठी' उघडलं. बावीस बार सुरळीत गेले. तेविसाव्यात तक्रार आली.

तिने ओळ तपासली. वडिलांच्या हस्तलिखिताशी एकेक टिकली बोट ठेवून जुळवली. सगळं बरोबर होतं. पुन्हा लिहून पाहिलं, पुन्हा तीच तक्रार. सत्ताविसाव्यातही, एकतिसाव्यातही. दुसऱ्या पानावर तर तक्रारींची रांगच लागली. एरवी ती वडिलांना विचारायचं टाळायची, पण त्या दिवशी ती फाईल घेऊन त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, इथे काहीतरी चुकतंय माझं. तेविसावा बार."

वडिलांनी चष्मा लावून पाहिलं. "काय चुकतंय? बरोबर आहे की."

"प्रोग्राम म्हणतो जुळत नाही."

"त्याला काय कळतंय. बघ, मोजतो." त्यांनी टेबलावर बोट आपटत मोजलं. "एक. दोन. तीन. चार." आणि वर पाहिलं. "झालं?"

बोट पाच वेळा आपटलं होतं. तीन म्हणताना दोनदा.

थोरलीने ते ऐकलं आणि आपल्या ऐकण्यातच काही चुकलं असेल असं स्वतःला सांगितलं. "परत एकदा मोजा ना," ती म्हणाली.

"तू मला मोजायला शिकवणार?" वडिलांचा आवाज चढला. तिच्यावर ते सहसा ओरडत नसत. "नीट लक्ष देऊन टाइप कर. तुझं काम आहे ते."

तिने बारचा फोटो काढून खडूला पाठवला. "मी कुठे चुकते आहे ते कळत नाही. चार वेळा तपासलं." या वेळी उत्तर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

"तुमचं टायपिंग बरोबर आहे. कागदावरच पाच मात्रा आहेत. जास्तीची मात्रा लिहिणाऱ्याची. त्यांना विचारा, मुद्दाम केलंय का."

थोरलीने ते वाचलं, टेबलावरची मुद्रितं आवरली, आणि डोकं दुखतंय सांगून छापखान्यातून लवकर निघाली.

वडील दुपारचे झोपले होते. कपाटाच्या खालच्या खणात त्यांची सगळी हस्तलिखितं होती, प्रत्येकावर तारीख घातलेली. ती जमिनीवर बसली आणि एकेक काढून मोजू लागली. आता तिला मोजता येत होतं. वीस वर्षांपूर्वीचं: एकही चूक नाही. बारा वर्षांपूर्वीचं: नाही. सहा वर्षांपूर्वीचं, आई गेली त्या महिन्यातलं: नाही. पहिली चूक सापडली ती साडेतीन वर्षांपूर्वीच्या कागदावर. एका बारमध्ये अर्धी मात्रा कमी. त्याच हिवाळ्यातल्या दुसऱ्या कागदावर दोन. पुढच्या वर्षी सात. सवयीने तिने एका बाजूला यादी करत नेली, तारीख, पान, बार, आणि यादी संपवून पहिल्यापासून वाचली.

मग बाकीचंही आठवलं. गॅस चालू राहिला होता, तिला वाटलं होतं वाऱ्याने ज्योत विझली असेल. किल्ली साखरेच्या डब्यात सापडली होती, दोघं हसले होते. आत्याच्या घरून येताना बाबा चुकीच्या बसमध्ये चढले होते आणि तिने बसवाल्यांनाच नावं ठेवली होती. घरात रोज दिसत होतं ते, आणि तिने प्रत्येक वेळी स्वतःच काहीतरी कारण लावून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये गेली. धाकटा ड्यूटीवर होता, पाण्याचे पाइप वाळत घालत होता. शेजारी ट्यूबा हे भलंमोठं पितळी वाद्य वाजवणारा थोराड फायरमन बसला होता. ट्यूबा आणि पोट दोन्हींमुळे सगळे त्याला 'टाकी' म्हणत. थोरलीने यादी धाकट्याच्या हातात दिली. त्याने ती पुरती वाचलीसुद्धा नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

धाकटा टाकीकडे बघायला लागला. टाकीनेच शेवटी उठून बँडचं कपाट उघडलं आणि एक गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. वाजवणाऱ्यांच्या प्रती होत्या. जवळजवळ प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा. एखादी टिकली खोडलेली, कुठे टिंब वाढवलेलं. सगळ्या दुरुस्त्या एकाच बारीक अक्षरात. धाकट्याच्या.

"मास्तर पान देतात, हा रात्रीत दुरुस्त करतो, आम्ही दुरुस्त केलेलं वाजवतो," टाकी म्हणाला. "मास्तर ऐकतात ते बरोबरच असतं. त्यांना कशाला सांगायचं, ताई? चाळीस वर्षं त्यांनी आम्हाला सांभाळून घेतलं."

"किती दिवस चाललंय?"

"तीन वर्षं झाली असतील."

थोरली भावाकडे वळली. "आणि मला? मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"ताई, तू त्यांच्याबरोबर राहतेस. मला वाटलं, तुला दिसत असणार. तू काही बोलत नाहीस म्हणजे तुला तो विषय नको असेल."

"मला संगीत कळत नाही."

"संगीताचं नाही म्हणत मी," धाकटा हळूच म्हणाला.

ते तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती यादी परत घेऊन निघाली. धाकटा फाटकापर्यंत तिच्यामागे आला. "मला फाईल दे. एका रविवारी सरळ करून देतो. तू टाइप कर, बाबांना पत्ता लागणार नाही."

"नको."

"का नको?"

"लिहिणाऱ्याचा मजकूर मी बदलत नाही," ती म्हणाली. "कुणाला बदलूही देत नाही."

हे छापखान्यातलं तत्त्व होतं आणि तिचा त्यावर खरोखर विश्वास होता. पण त्या वाक्यात राग किती होता हे तिचं तिलाच माहीत होतं. चौदा माणसं तीन वर्षं तिच्या बापाला एक गोष्ट ऐकवत होती आणि कागदावर दुसरीच होती. त्यांच्या पेन्सिली जिथे चालणार नाहीत असं काहीतरी तिला त्यांच्यासमोर ठेवायचं होतं.

त्या संध्याकाळी तिने खडूला विचारलं, "चार मात्रांच्या रचनेत मधेच एक बार पाच मात्रांचा लिहायचा असेल तर काय करायचं?"

"अगदी सोपं आहे," त्याने लिहिलं. "त्या बारच्या आधी एक ओळ घालून मात्रांची संख्या बदला, नंतर परत चार करा. तक्रार येणार नाही." आणि खाली आणखी दोन ओळी होत्या. "विचारू नये, पण विचारतो. ते तुमचे कोण? पेन्सिलीने लिहिलेलं लपून जातं. छापलं की प्रत्येक बारवर आकडा येईल, आणि कुणाचंही लक्ष आधी आकड्याकडेच जातं."

थोरलीने आभार मानले. ते कोण, याचं उत्तर तिने दिलं नाही.

तीन आठवडे लागले. जिथे पाच मात्रा तिथे तिने पाच केल्या, तीन तिथे तीन, सहा तिथे सहा. प्रोग्राम एकदम गप्प झाला. मध्ये दोन-तीनदा वडील तिच्या मागे येऊन उभे राहिले, पडद्यावरची अक्षरं, आकडे आणि कंस बघून हसले. "याला तुम्ही संगीत म्हणता होय," म्हणाले. शेवटची प्रत छापखान्यातल्या जाड कागदावर निघाली तेव्हा त्यांनी बघायला मागितली. थोरली म्हणाली, "शुक्रवारी तालमीलाच बघा, सगळ्यांबरोबर." त्यांना वाटलं, तिला त्यांना खूश करायचंय. ते लहान मुलासारखे कबूल झाले. त्याच क्षणी तिने ती प्रत त्यांच्या हातात द्यायला हवी होती. तिने ती पाकिटात घातली.

शुक्रवारी वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला. शेडमध्ये थोरली बंबाच्या पायरीवर बसली. तिनेच प्रती वाटल्या. वाजवणारे पानं उलटत होते. क्लॅरिनेटवाल्याने खिशातली पेन्सिल काढली, पान पाहिलं आणि पेन्सिल परत ठेवली. धाकट्याने एकदा बहिणीकडे पाहिलं, मग नाही पाहिलं.

मास्तरांनी आपली प्रत उघडली. पहिलं पान त्यांनी हाताने सारखं केलं. "काय सुंदर छापलंय," ते म्हणाले. "बघा जरा. याला म्हणतात काम." मग दुसरं पान उलटलं.

"हे आकडे कुणी घातले?"

"मी," थोरली पायरीवरून म्हणाली. "तुम्ही लिहिलंय तेवढ्याच मात्रा आहेत, बाबा. मी काही बदललेलं नाही."

ते पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी उचलली. "चला. पहिल्यापासून."

बावीस बार चांगले वाजले. थोरलीने ते कधी ऐकले नव्हते, फक्त टाइप केले होते. सुरुवातीला दोनच वाद्यं होती, मग खालून टाकीचा ट्यूबा आला, आणि ती पायरीवर पुढे सरकून बसली. तेविसाव्यात मास्तरांच्या काठीने चार दाखवले. निम्मा बँड कागदावरचे पाच वाजवत राहिला. उरलेल्यांनी इतक्या वर्षांच्या सवयीने काठीचं ऐकलं. पुढच्या बारला दोन बँड झाले होते. धाकट्याने कॉर्नेट जोरात वाजवून सगळ्यांना एकत्र आणायचा प्रयत्न केला, ते आणखीच फाटलं. सत्ताविसाव्याच्या आसपास एकेक करून सगळे थांबले. ढोलवाला शेवटी थांबला, कारण त्याने मान खाली घातली होती आणि त्याला बाकीचे थांबलेले दिसले नव्हते.

मास्तरांची काठी वरच होती. त्यांनी ती खाली घेतली आणि स्टँडवरचं पान बोटाने मोजू लागले. ओठ हलत होते. एकदा मोजलं, परत मोजलं. मग पुढचं पान. शेवटी त्यांनी मान वर केली आणि धाकट्याला सोडून टाकीला विचारलं.

"किती दिवस?"

"मास्तर..."

"किती दिवस दुरुस्त करताय?"

"तीन वर्षं," टाकी म्हणाला. तो रडत होता आणि ट्यूबा मांडीवर असल्यामुळे त्याला डोळेही पुसता येत नव्हते.

मास्तरांनी मान हलवली. काठी स्टँडवर ठेवली, कोट घेतला आणि थोरलीला म्हणाले, "चल."

घरी दहा मिनिटांची वाट. अर्ध्यावर, बंद दुकानांच्या रांगेपाशी, ते थांबले. थोरलीला वाटलं त्यांना रस्ता आठवत नाही. पण तसं नव्हतं.

"मला शंका होती," ते म्हणाले. "म्हणून तुला दिलं. म्हटलं, तुझ्या नजरेतून सुटणार नाही. काही असेल तर तू मला सांगशील. घरी सांगायचं होतंस गं. सगळ्यांसमोर कशाला?"

तिच्याकडे उत्तर होतं, तत्त्वाचं. ते तिने दिलं नाही. वडील पुढे चालायला लागले आणि ती त्यांच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून चालत राहिली.

डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी वडिलांना घड्याळ काढायला लावलं. वडिलांनी गोल नीट काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. धाकटा खिडकीबाहेर बघत राहिला. थोरलीने बघितलं, तिला बघायचंच होतं.

घरी आल्यावर वडिलांनी तिला कॉम्प्युटर लावायला सांगितलं आणि बँडचा राजीनामा तोंडी सांगितला. चार ओळींचा. प्रकृतीचं कारण, सहकाऱ्यांचे आभार, वाद्यं आणि गणवेश जमा केल्याची नोंद. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. थोरलीने छापून दिला, त्यांनी सही केली, तारीख मात्र तिला विचारून घातली. तिघांच्या स्मृतिदिनी धाकट्याने काठी धरली आणि जुनंच मार्च वाजलं. 'तिघांसाठी' कुणी वाजवलं नाही. खडूने एकदा विचारलं होतं, रचनेचं काय झालं म्हणून, आणि सगळं कळल्यावर बाकीची पानं सरळ करून द्यायची तयारी दाखवली होती. तिने लिहिलं, नको. त्यानंतर ती त्या पानावर गेली नाही.

वडील ती तालीम पाच-सहा महिन्यांत विसरले. थोरलीला ते बरं वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही; आता माफी मागायलाही समोर कुणी उरलं नव्हतं. तिने छापखान्याचं काम घरी आणलं. दुसऱ्या वर्षी ते तिला बाई म्हणू लागले, आदराने, अहो-जाहो करत, आणि घरी कधी जायचं ते विचारू लागले. धाकटा दर गुरुवारी येऊन त्यांची दाढी करायचा. दोघं भावंडं औषधांबद्दल, चादरींबद्दल बोलायची. दुसरं काही नाही. सव्वादोन वर्षांनी हिवाळ्यात छातीत कफ भरून ते गेले.

तेराव्या की चौदाव्या दिवशी वडिलांसाठी आणलेली भाड्याची खाट परत न्यायला टेम्पो आला. जिना अरुंद होता. टेम्पोवाला वर यायला तयार नव्हता, म्हणून खाटेचा लोखंडी सांगाडा दोघांनीच उचलला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो अडकला. दोघं दम खायला थांबली, तो खाली, ती वर.

"ताई," धाकटा म्हणाला. तिच्याकडे न बघता, सांगाड्याच्या चाकाशी चाळा करत. "त्या वेळी तू मला ते सरळ करू द्यायला हवं होतंस."

"हो," थोरली म्हणाली.

ती वाट बघत राहिली. अजून एक वाक्य होतं, तीन वर्षं तिला न सांगितल्याचं; ते त्याचं होतं, ती त्याच्यासाठी म्हणणार नव्हती. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. धाकट्याने हात पँटला पुसले आणि सांगाडा धरला.

"तुझ्या बाजूने जरा वर उचल," तो म्हणाला.